कालवांची कैफियत

1894 सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या बाराव्या तारखेस अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, मिडलटाऊन या गावी, वेस्लियन विद्यापीठातील विद्यार्थिमंडळांनी आपल्या नव्या सभासदांच्या स्वागतार्थ मेजवान्या दिल्या; आणि त्यानंतर आठवडा लोटतो न लोटतो तोच, कालपरवापर्यंत मैदानावर धावणारी धडधाकट मुले एकामागून एक तापाने अंथरुणाला खिळू लागली. ताप विषमज्वराचा होता. वीसपंचवीस जणांना त्याने गाठले आणि त्यांतील चार दगावले. त्याच विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक हर्बर्ट कॉन यांनी या प्रकरणाचा तपास हाती घेतला, तेव्हा त्यांच्यापाशी फौजदाराचे अधिकार नव्हते आणि आजच्यासारखी प्रयोगशाळाही नव्हती. होती ती प्रश्न विचारण्याची शिस्त आणि मिळालेले प्रत्येक उत्तर दुसऱ्याशी पडताळून पाहण्याची चिकाटी.

आजारी मुलांची बिऱ्हाडे निरनिराळी होती, त्यांचे पिण्याचे पाणी, दूध, नित्याचे जेवण यांत सर्वांना समान असे काही आढळेना. समान आढळले ते एवढेच, की त्या रात्री ही मुले विशिष्ट तीन मंडळांच्या पंक्तीस बसली होती. त्या तीनही पंक्तींना कच्ची कालवे वाढली होती आणि ती एकाच व्यापाऱ्याकडून आणलेली होती. उरलेल्या मंडळांपैकी कोणी कालवे वाढलीच नव्हती, कोणी ती अन्य ठिकाणाहून मागवली होती, आणि कोणी त्याच व्यापाऱ्याची घेतली असली तरी शिजवून खाल्ली होती; त्या पंक्तींत ताप शिरला नाही. येल विद्यापीठातून आलेले काही पाहुणे आपापल्या ठिकाणी परतल्यावर तापाने पडले, तेव्हा मिडलटाऊनच्या हवापाण्यावरचा उरलासुरला संशयही फिटला. येथवरचा तपास कोणाही चिकाटीच्या माणसाला साधला असता. कॉन यांचे मोठेपण हे, की ते व्यापाऱ्याच्या दुकानाशी थांबले नाहीत. ही कालवे समुद्रातून काढल्यावर थेट विकण्यात आली नव्हती. ती फुगून टवटवीत दिसावीत म्हणून एकदोन दिवस खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात ठेवण्याचा त्या धंद्याचा रिवाजच होता, आणि फेअर हेवन येथे ज्या जागी ती ठेवली होती तेथून दीडदोनशे हातांवर एका घराची मोरी पाण्यात उघडत होती. त्या घरात त्याच सुमारास विषमज्वराचे दोन रुग्ण होते.

पंक्तीपासून दुकान, दुकानापासून खाडी, खाडीपासून मोरी आणि मोरीपासून रुग्णशय्या अशी ही पाच दुव्यांची साखळी मला अन्नजन्य रोगांच्या संपूर्ण तपासशास्त्राचा वस्तुपाठ वाटते. माणसाने काय खाल्ले एवढे कळले की तपास संपला, ही आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो तेथे सुरू होतो. कच्च्या शिंपल्यांनी पसरलेल्या साथींचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हेच सांगतो, की जेथे शोध कालवापर्यंत येऊन थांबला तेथे काही निरपराध माणसे धुळीस मिळाली आणि रोग पुन्हा आला. आणि जेथे तो कालवापलीकडे, माणसाने समुद्रात सोडलेल्या घाणीपर्यंत गेला, तेथेच काही टिकाऊ बंदोबस्त होऊ शकला. अशा शोधाला संकटकाळची हुशारी पुरत नाही. त्याला संकटापूर्वी, कोणी आजारी नसताना, निष्ठेने लिहून ठेवलेले दप्तर लागते.

कालव, तिसरी, शिनाणे या द्विपुट प्राण्यांच्या वाट्याला हे साक्षीदाराचे काम का यावे, हे त्यांच्या देहरचनेतच लिहिलेले आहे. मासा पाण्यात हिंडतो, आवडेल ते धरतो, नावडेल ते टाळतो. कालव जन्मभर एका खडकाला चिकटून राहते आणि तासातासाला कित्येक लिटर पाणी आपल्या देहातून गाळून त्यातील सूक्ष्म कणांवर उपजीविका करते. गाळणीत अडकणारा कण वनस्पतीचा आहे, जंतूचा आहे की विषाणूचा, याचा विवेक त्याला नाही. त्यामुळे पाण्यात जे विरळ असते ते त्याच्या मांसात घट्ट होते. आणि इतर प्राण्यांची आतडी आपण काढून टाकतो, तर कालव मात्र आतड्यासकट, बहुधा जिवंतपणीच, गिळले जाते. किनाऱ्यावरच्या वस्तीने पाण्याशी जो व्यवहार केला असेल त्याची प्रामाणिक नोंद कालवाच्या पोटात असते. ते दोषी नाही. ते साक्षीदार आहे, आणि साक्षीदारालाच शिक्षा करून मोकळे होण्याचा मोह समाजाला वारंवार झालेला आहे.

1902 च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये हेच घडले. विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन नगरांत एकाच दिवशी नगराध्यक्षांच्या मेजवान्या झाल्या, दोन्हीकडे एम्सवर्थ या लहानशा बंदराची कालवे वाढण्यात आली, आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांत विषमज्वराची साथ उद्भवली. तीत विंचेस्टरच्या प्रख्यात कॅथीड्रलचे डीन मृत्यू पावले. पंक्ती दोन, गावे दोन आणि मध्ये एकच समान पदार्थ, म्हणून उलगडा व्हायला वेळ लागला नाही. एम्सवर्थचे नाव देशभर बदनाम झाले आणि तेथील कालवांचा पिढीजात व्यापार बसला, तो पुन्हा पूर्वपदावर आला नाही. पण ज्या पाण्यात ती कालवे वाढत होती त्याच पाण्यात गावच्या नव्या गटारांचा मैला स्थानिक मंडळानेच सोडला होता. कालवांच्या एका व्यापाऱ्याने त्या मंडळावर फिर्याद केली, आणि 1906 साली निकाल त्याच्या बाजूने लागला. न्याय झाला खरा, परंतु तोवर होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या आणि हातावर पोट असलेली कुटुंबे देशोधडीला लागली होती. ज्यांनी घाण सोडली त्यांची नावे इतिहासात कोणाच्या ध्यानात नाहीत. ज्यांनी कालवे विकली त्यांच्या गावाचे नाव मात्र रोगाशी कायमचे जोडले गेले. शोध अर्ध्यावर थांबला म्हणजे तो अन्यायाचे साधन कसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे 1924 च्या हिवाळ्यात शिकागो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा एकमेकींपासून दूरच्या अमेरिकन शहरांत विषमज्वराचे रुग्ण एकाच वेळी वाढू लागले. सुमारे दीड हजार माणसे आजारी पडली, दीडशेच्या आसपास मरण पावली, आणि माग काढता काढता आरोग्याधिकारी लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरच्या कालवांपर्यंत पोहोचले. देशभर कालवांचा खप एकाएकी कोसळला. ज्यांची कालवे शेकडो कोसांवरच्या स्वच्छ पाण्यातील होती, त्यांचाही माल कोणी घेईना, कारण स्वच्छ आणि अस्वच्छ यांत फरक करता येईल असा कोणताही दाखला गिऱ्हाइकापुढे नव्हता. तेव्हा सरकारी नियंत्रण हवे अशी निकड खुद्द व्यापाऱ्यांनाच वाटू लागली. 19 फेब्रुवारी 1925 रोजी वॉशिंग्टन येथे आरोग्याधिकारी आणि व्यापारी यांची परिषद भरली आणि तिच्यातून शिंपल्यांच्या आरोग्यरक्षणाची राष्ट्रीय योजना जन्मास आली. पाण्याची तपासणी, काढणीच्या जागांचे वर्गीकरण, व्यापाऱ्यांना परवाने, आणि माल कोठून आला याची नोंद, ही तिची चार अंगे.

या योजनेचे आजचे रूप ज्यात सामावले आहे ती वस्तू तळहाताएवढी आहे. कालवांच्या प्रत्येक पोत्याला पाण्याने न भिजणारी एक चिठ्ठी बांधलेली असते. तीवर माल पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक, कालवे काढल्याची तारीख, काढल्याचे नेमके ठिकाण, जात आणि परिमाण हे सारे लिहिलेले असते. पोते रिकामे होईपर्यंत ती चिठ्ठी काढायची नाही, आणि रिकामे झाल्यावरही, त्यातील शेवटचे कालव कोणत्या दिवशी विकले याची तारीख घालून, ती तारीखवार लावून नव्वद दिवस जपून ठेवायची, असा दंडक आहे. नव्वद दिवसच का? कारण काविळीचा विषाणू माणसाच्या शरीरात शिरल्यापासून रोग दिसेपर्यंत कधी कधी पन्नास दिवस जातात. मग रोगी वैद्याकडे जाणार, वैद्य कळवणार, अधिकारी चौकशीस निघणार, आणि तो खानावळीच्या दारात पोहोचेल तेव्हा पोते, शिंपा, कालव यांतले काहीही शिल्लक असणार नाही. शिल्लक असेल ती ही चिठ्ठी. एखाद्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खिळ्याला अडकवलेल्या, माशाचा वास लागलेल्या त्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे पाहून कोणाला आदर वाटणार नाही. मला मात्र तो गठ्ठा फार थोर वाटतो, कारण ज्याला आपण कधी पाहिले नाही आणि जो आपल्याला कधी ओळखणार नाही, अशा माणसाशी राखलेले इमान त्यात तारीखवार लावलेले असते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. कच्चे कालव खाणे ही ज्याची त्याची आवड; धोका त्याचा, सुख त्याचे; सरकारने त्यात का पडावे? हा आक्षेप वरवर स्वातंत्र्याचा कैवारी दिसतो, परंतु तो स्वातंत्र्याची मुख्य अट विसरतो. धोका पत्करणे याचा अर्थ तो ओळखून पत्करणे. जंतूंनी भरलेले कालव आणि निर्मळ कालव यांत रूप, रस, गंध यांचा काही भेद नसतो. अत्यंत चोखंदळ जीभही तेथे आंधळी असते. जो भेद इंद्रियांना दिसत नाही तो कागदावर दाखवणे, एवढेच नोंदीचे काम आहे. नोंद आवडीवर बंदी घालत नाही, ती निवडीला डोळे देते. शिवाय खाणाऱ्याचा रोग त्याच्यापुरताच राहतो हेही खरे नाही. कावीळ झालेला माणूस घरातल्या मुलाबाळांपर्यंत ती नेतो, आणि त्याचा मैला पुन्हा कोठल्या तरी पाण्याला मिळतो.

कच्च्या शिंपल्यांचा धोका एकट्या खाणाऱ्याचा राहत नाही, साऱ्या शहराचा होतो, हे शांघायने 1988 च्या आरंभी जगाला दाखवून दिले. तेथे थंडीच्या दिवसांत एका जातीच्या शिंपल्या उकळत्या पाण्याने नुसत्या चाळवून, जवळजवळ कच्च्याच खाण्याची पूर्वापार रीत होती. त्या वर्षी शेजारच्या किनाऱ्यावरून आलेल्या शिंपल्या मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातल्या होत्या, आणि अवघ्या दोनअडीच महिन्यांत सुमारे तीन लाख माणसांना काविळीने घेरले. रुग्णालये अपुरी पडली म्हणून शाळा आणि कारखाने यांतून खाटा मांडाव्या लागल्या. अशा साथीच्या तपासात सर्वांत मोठी अडचण माणसाच्या स्मरणशक्तीची असते. महिन्यापूर्वी आपण काय खाल्ले हे कोणास नेमके आठवते? म्हणून तपास करणाऱ्याला आजाऱ्यांची जबानी घेऊन भागत नाही; त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या निरोग्यांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात, आणि दोन्ही उत्तरांच्या तफावतीतून सत्य निवडावे लागते. आजारी न पडलेल्याची साक्षही आजाऱ्याइतकीच मोलाची असते, हे जे कॉन यांना जवळजवळ शंभर वर्षे आधी उमगले होते तेच येथेही कामी आले.

शोध जितका सूक्ष्म, तितका तो माणसाला नम्र करतो. 1993 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील कच्ची कालवे खाऊन अनेक राज्यांत उलटीजुलाबांची साथ पसरली. चिठ्ठ्यांच्या आधारे माग काढता काढता अधिकारी काढणीच्या एका विशिष्ट पट्ट्यावर येऊन पोहोचले. तेथे ना गाव होते, ना गटार. अखेरीस कळले ते असे, की कालवे काढणारा एक नावाडी त्या दिवसांत आजारी होता आणि होडीवरचा मैला तो पाण्यात टाकत असे. एका माणसाच्या एका आजाराने कालवांच्या मार्गे शेकडो कोसांवरची घरे गाठली. या नावाड्याला दूषणे देणे सोपे आहे. पण दिवसचे दिवस पाण्यावर राहणाऱ्या त्या कष्टकऱ्याच्या होडीवर मैला साठवण्याची आणि किनाऱ्यावर तो रिकामा करण्याची सोय कोणी केली होती, हा प्रश्न तपासाने विचारलाच पाहिजे. रोगाचे मूळ माणसापाशी सापडले म्हणजे गुन्हेगार सापडला असे होत नाही. कित्येकदा सापडते ती एक उणीव, जी भरून काढणे सगळ्यांचे कर्तव्य असते.

नियमित नोंदीचे सामर्थ्य किती, याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. कोलकात्याच्या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात येणाऱ्या अतिसाराच्या रोग्यांची पद्धतशीर तपासणी काही वर्षे चालू होती, म्हणूनच 1996 च्या फेब्रुवारीत तेथील संशोधकांच्या लक्षात आले, की समुद्री अन्नातून बाधणाऱ्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जंतूचा एक नवा प्रकार एकाएकी बळावला आहे. दोनच वर्षांनी, 1998 साली, टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन उपसागराची कालवे खाऊन अमेरिकेच्या 13 राज्यांत 416 माणसे आजारी पडली, तेव्हा तोच प्रकार तेथे सापडला. आणि तो ओळखता आला तो कोलकात्यात कोणीतरी रोजच्या रोज नोंद ठेवली होती म्हणून. याच जंतूने 2004 च्या उन्हाळ्यात अलास्काचा किनारा गाठला. जे पाणी अतिशीत म्हणून तोवर निर्धोक मानले जात होते ते 15 अंशांच्या वर तापले, आणि तेथल्या कच्च्या कालवांनी 62 जणांना आजारी पाडले. हा जंतू मैल्यातून येत नाही, तो समुद्राचाच रहिवासी आहे. त्याला बळ मिळते ते पाण्याच्या उष्णतेने. म्हणजे ज्या साखळीचा शेवट कॉन यांना एका घराच्या मोरीत सापडला, तिचा शेवट आता साऱ्या पृथ्वीच्या तापत्या वातावरणात शोधावा लागतो.

मग उत्तरदायित्व कोणाचे? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील वॉलिस सरोवराची कालवे खाऊन 1997 च्या प्रारंभी चारशेहून अधिक लोकांना कावीळ झाली. जोराच्या पावसाने आजूबाजूचा मैला पाण्यात वाहून आला होता. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2002 साली निकाल झाला तो असा, की राज्य सरकार आणि स्थानिक परिषद यांच्यावर भरपाईचे दायित्व येत नाही. कालवे पिकवणाऱ्यांचाही हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, तथापि सदोष माल विकल्याबद्दल ग्राहकसंरक्षणाच्या कायद्यान्वये भरपाई द्यावी लागेल ती त्यांनाच. न्यायाधीशांनी कायद्याच्या चौकटीत आपले काम केले, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण एम्सवर्थपासून वॉलिस सरोवरापर्यंत जवळजवळ शतक उलटले, आणि किंमत मोजणारा पुन्हा तोच ठरला ज्याच्या हाती पाणी स्वच्छ ठेवण्याचे अधिकार नव्हते. कायदा नुकसानीनंतर येतो. नुकसानीपूर्वी येते ती पाण्याची राखण, आणि ती न्यायालयाच्या हुकुमाने निर्माण होत नाही. तिला लोकांचा आग्रह लागतो.

आपल्या कोकणात आणि गोव्यात कालवे, तिसऱ्या, शिनाणे शिजवून खातात, तेव्हा हा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणण्याचा मोह होईल. चुलीने आपल्याला पुष्कळ राखले आहे यात संशय नाही. परंतु तिसऱ्यांनी वाफेवर तोंड उघडले की त्या शिजल्या, हा जो घरोघरचा ठोकताळा, तो काविळीच्या विषाणूपुरता पुरेसा नाही. शिंपला उघडतो तेव्हा आतले मांस पुरते तापलेले असतेच असे नाही, आणि त्या विषाणूच्या नाशासाठी मांसाच्या गाभ्यापर्यंत 90 अंशांची उष्णता दीड मिनिट टिकावी लागते. दुसरे असे, की समुद्रात कधी कधी माजणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे विष शिंपल्यांत साठते आणि ते कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. हे विष आपल्या देशाला अपरिचित नाही. 1981 साली तमिळनाडूत त्याने तीन बळी घेतले; 1983 साली मंगळूरजवळही त्याची बाधा झाली; आणि 1997 साली केरळातील विळिंजम येथे शिनाण्यांतून ते पसरले तेव्हा सात जण मृत्युमुखी पडले आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. मंगळूरचा किनारा आणि आपला किनारा यांच्यामध्ये समुद्राने कोणतीही सरहद्द आखलेली नाही.

ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या, खडकावर बसून कोयतीच्या टोकाने कालवे फोडणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिलेल्या आहेत. दुपारी त्याच बाजारात वाटे लावून बसतात. त्या वाट्याला चिठ्ठी नसते. दोन खाड्यांचा माल एका टोपलीत येतो, संध्याकाळी चार गावांत जातो, आणि पंधरवड्याने कोणाच्या घरी कावीळ निघाली तर ती कोठून आली हे सांगणारा एकही कागद कोठल्याही दप्तरात नसतो. त्या बायकांवर परवान्यांचे आणि दंडाचे ओझे लादावे असे मी म्हणत नाही. एम्सवर्थच्या कोळ्यांवर ओढवले ते त्यांच्यावर ओढवू नये, म्हणूनच नोंद हवी. खाडी कोणती आणि दिवस कोणता, एवढे लिहिलेले असेल तर उद्या एका खाडीचे पाणी बिघडले असता बाकीच्या साऱ्या किनाऱ्याची रोजी बुडणार नाही. सरकारने खाड्यांचे पाणी आणि शिंपले ठराविक मुदतीने तपासावेत आणि तपासणीचा निकाल बाजारात सर्वांना दिसेल असा लावावा. नगरपालिकांनी आणि पंचायतींनी आपल्या मोऱ्या खाडीत सोडण्यापूर्वी खाडीत कोण काय वेचते ते पाहावे. आणि डॉक्टरांनी काविळीच्या किंवा जुलाबाच्या रोग्याला, गेल्या महिन्यात शिंपले खाल्ले होते काय, असा प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवावे.

उरला गिऱ्हाइकाचा वाटा, आणि तो सर्वांत सोपा आहे. तिसऱ्यांच्या वाट्यापुढे उभे राहून आपण आजवर, "ताज्या आहेत ना?" एवढेच विचारत आलो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: "कोणत्या खाडीच्या?" विचारणारे वाढले की सांगणारे वाढतील, आणि सांगणारे वाढले की एक दिवस ते लिहून ठेवणारेही निघतील.